पसाऱ्याची आरास

प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये काही फोटो असे असतात, की ते कुणी काढलेले नसतात, निघालेले असतात. फोन खिशात सरकवताना निघालेला खिशातला अंधार, एसटीतून उतरताना निघालेली पायरी आणि तिच्यावरची कुणाची तरी चप्पल, "काढ, काढ, लवकर काढ" या घाईत निघालेला स्वतःचाच अंगठा. शहाणी माणसं असे फोटो वेळच्या वेळी पुसून टाकतात. आमचे भाऊजी ते मागून घेतात.

लग्नकार्यात चार माणसं भेटली की लोक तब्येतीची, मुलांची, पावसापाण्याची चौकशी करतात. भाऊजी अक्षता टाकता टाकता हळूच विचारतात, "काय रे, बिघडलेले फोटो काही आहेत का तुझ्याकडे?" समोरचा गोंधळतो. आपण काढलेले फोटो बिघडलेले असतात, हे यांना कुणी सांगितलं, असा संशय त्याच्या चेहऱ्यावर येतो. मग भाऊजी खुलासा करतात, "तसं नव्हे रे. मी त्यांचे कॅलिडोस्कोप करतो." या खुलाशानं समोरच्याच्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही, पण तोवर मंगलाष्टकं संपून सगळे पंगतीकडे वळलेले असतात.

भाऊजी वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा म्हणून ताईनंच त्यांना कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. तिचा हेतू इतकाच, की लाइटचं बिल भरणं आणि गॅसचा नंबर लावणं घरबसल्या व्हावं. क्लासमधल्या पोरानं शेवटच्या दिवशी गंमत म्हणून कुंडीतल्या वाळक्या तुळशीचा एक फोटो घेतला, स्क्रीनवर कापला, उलटापालटा केला आणि बघता बघता त्याचं एक नक्षीदार चक्र करून दाखवलं. जत्रेत मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीत बांगड्यांच्या काचांचं दिसतं ना, अगदी तसं. भाऊजी घरी आले ते त्याच तंद्रीत. गॅसचा नंबर आजही ताईच लावते.

आता असं चित्र करायचे दोन रस्ते आहेत. फोनवर फुकटची अॅप्स आहेत. बोट लावलं की तुमच्या समोरच्या माणसाचा तत्काळ गालिचा होतो. कॉम्प्युटरवर 'गिंप' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात कॅलिडोस्कोपचा तयार फिल्टरच दिलेला आहे. किती आरसे हवेत तेवढं सांगितलं की बाकीचं ते बघतं. भाऊजी या दोन्ही वाटांना जात नाहीत. "त्यात आपलं काय?" असं त्यांचं म्हणणं. ते हातानं करतात. हातानं म्हणजे माउसनं, पण त्यांच्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

त्यांच्या आळीच्या तोंडाशी एक खांब आहे. त्याच्यावर विजेच्या तारा तर आहेतच, शिवाय केबलवाल्यांची भेंडोळी आहेत, इंटरनेटच्या काळ्या डब्या आहेत, संक्रांतीला अडकलेला लाल पतंगाचा तुकडा आहे, आणि कुण्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक जाऊन उरलेली सुतळी आहे. नोकरीत असताना असा खांब दिसला की भाऊजींचं डोकं फिरायचं. हाताखालच्या माणसांना ते रस्त्यावरच झापत. हल्ली त्या खांबावर त्यांचा जीव आहे. लाइनमन शिडी घेऊन आला तर आधी मला कळवायचं, असं त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय. तो गुंता सोडवायच्या आत सगळ्या बाजूंनी फोटो झाले पाहिजेत.

त्या खांबाचं काम चालू असताना मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, म्हणून कृती सांगतो. फोटोतून ३० अंशांची एक निमुळती फोड कापायची. तिची प्रत काढून ती आडवी पलटायची आणि मूळ फोडीच्या काठाला काठ लावून बसवायची. ही झाली ६० अंशांची जोडी. या जोडीच्या आणखी पाच प्रती काढायच्या आणि एकेक ६० अंशांनी पुढे फिरवत न्यायची. बारा फोडी, ३६० अंश, वर्तुळ पूर्ण. मात्र फिरवताना फोड टोकाभोवती फिरली पाहिजे. सॉफ्टवेअर तिला आपल्या मनानं पोटाभोवती फिरवतं, त्यामुळे पहिल्या खेपेला फोडी चारी दिशांना पांगतात. फिरण्याचा बिंदू आधी ओढून टोकावर आणून ठेवायचा, ही यातली खरी गुरुकिल्ली. ती सांगताना भाऊजींनी आवाज उगाचच खाली आणला होता.

"पण पलटायचं कशाला? नुसती फिरवली तर?" मी विचारलं.

भाऊजींनी नुसती फिरवून दाखवली. झाली दिवाळीतली भुईचक्री. एका फोडीतली तार जिथे संपली तिथे दुसरीचं आकाश सुरू. कुणाचा कुणाला पत्ता नाही. पलटलेली फोड शेजारी आली की तार काठावर स्वतःलाच येऊन मिळते आणि वळण घेऊन परत निघते. आरशाचं सगळं कसब एवढंच आहे. फोडींची संख्याही समच लागते. ४५ अंशांच्या आठ, ३६ अंशांच्या दहा, ३० अंशांच्या बारा चालतात. ४० अंशांच्या केल्या तर नऊ होतात आणि एक बिचारी बिनजोडीची राहते. तिच्यामुळे सगळ्या मंडळाचा तोल जातो, हे आपण इतरत्रही पाहिलेलं आहे.

एवढं करूनही दोन फोडींच्या मध्ये केसाएवढी फिकट रेघ दिसते. फिरवलेल्या फोडीचा काठ सॉफ्टवेअर जरा पुसट करतं, म्हणजे तो दातेरी दिसू नये. पण असे दोन पुसट काठ शेजारी आले की मधून खालचा कागद डोकावतो. यावर उपाय म्हणजे फोड ३० अंशांपेक्षा नखभर जास्त कापायची आणि कडा एकमेकींवर चढवायच्या. भाऊजी याला "जॉइंटला मार्जिन" म्हणतात. ही रेघ शोधायला ते चित्र आठशे टक्के मोठं करून काठाकाठानं जातात. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज येतो, "अहो, चहा निवला!" आतून उत्तर जातं, "थांब, मी आठशे टक्क्यांवर आहे." ताई निवलेला चहा पुन्हा गरम करते.

आणि खरं सांगायचं तर त्या खांबाचं जे झालं ते बघून मीही गप्प बसलो. तारांची काळीभोर जाळी झाली होती, जुन्या वाड्याच्या खिडकीला शोभेल अशी. तारा ज्यांना बांधतात त्या चिनी मातीच्या पांढऱ्या चिमण्यांची मोत्यांची माळ झाली होती. पतंगाचा तुकडा नेमका फोडीच्या काठावर आल्यामुळे त्याच्या सहा जास्वंदी उमलल्या होत्या. भावी नगरसेवकाची सुतळी मधोमध सोन्याच्या तारेसारखी चमकत होती. नगरसेवक होऊनही तिच्या मालकाला हे जमलं नसतं.

गंमत अशी, की यात सुंदर फोटो चालत नाहीत. भाचा लडाखला जाऊन आला. पँगाँग तलावाचे निळेशार फोटो त्यानं मोठ्या कौतुकानं मामांना दिले. भाऊजींनी फोड कापली. बारा वेळा निळं म्हणजे निळंच. वर आकाश, खाली पाणी, कुठे वळण नाही की गाठ नाही. ताजमहालाचीही तीच गत: तो मुळातच डावा-उजवा सारखा, शहाजहानच्या कारागिरांनी करायचं ते आधीच करून ठेवलेलं, वर आणखी आरसे लावले की संगमरवराची चकती तेवढी उरते. भाऊजींनी भाच्याचे सगळे फोटो चाळले आणि एका ठिकाणी थांबले. वाटेतल्या ढाब्याचं टेबल. उष्ट्या मॅगीच्या ताटल्या, चुरगळलेले कागदी रुमाल, सॉसची बाटली, कुणाचा तरी हातमोजा. "हा दे," ते म्हणाले. भाच्याचा चेहरा पडला. एवढा खर्च करून तो समुद्रसपाटीपासून चौदा हजार फूट चढला होता, आणि मामांनी पसंत केलं काय, तर खरकटं.

माणसांचे फोटोही भाऊजींनी बंद केलेत. सुरुवातीला उत्साहाच्या भरात त्यांनी आत्याच्या पंचाहत्तरीचा फोटो घेतला होता. आत्याच्या बारा नथींचं झुंबर छान झालं, पण मागाहून तक्रार आली ती पदराची. पलटलेल्या सहा आत्यांचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता. "जन्मभर डाव्या खांद्यावर पदर घेतला," आत्या फोनवर म्हणाली, "आणि पंचाहत्तरीला तुम्ही मला गुजराती केलंत. तेही सहा वेळा." शिवाय फोडीचं निमुळतं टोक चित्राच्या मध्यावर येतं. तिथे जे काही असतं ते चिरडून एका ठिपक्याएवढं होतं. त्या ठिकाणी त्या दिवशी आत्याच्या यजमानांचं डोकं होतं. त्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही.

तसं पाहिलं तर माणसांचे कॅलिडोस्कोप आपल्याकडे नवे नाहीत. ज्यांची लग्नं व्हिडिओ कॅसेटच्या काळात झाली, त्यांनी कपाट उघडून पाहावं. त्या काळी शूटिंगवाल्यापेक्षा मिक्सिंगवाल्याचा मान मोठा. त्यानं वधूचा चेहरा कमळात बसवलेला असे, कमळ गरगर फिरत असे, त्यातून वर बाहेर येई आणि त्याचे नऊ वर होऊन नऊ चौकटींत हसू लागत. सप्तपदी संपते न संपते तोच पडदा मधून दुभंगे आणि दोन्ही बाजूंनी एकच मामा जिलबी खात एकमेकांकडे येई. नवरा-नवरी एकत्र दिसावीत हा लग्नाच्या कॅसेटचा मूळ हेतू. पण मिक्सिंगवाल्याच्या हाती सगळी बटणं आणि पैसे ठरलेले 'सर्व इफेक्टसहित'. त्यामुळे एकही इफेक्ट सोडून चालत नसे. त्या मानानं भाऊजींची अभिरुची संयमी म्हणायला हवी.

खरा पेच आला तो गणपतीत. ताई म्हणाली, "एवढा गावचा कचरा सजवता, एकदा आपल्या गणपतीचं काहीतरी करा की." भाऊजींनी आरास, समया, दूर्वा, मोदकांचं ताट आणि मूर्ती असं सगळं एका फोडीत बसेल असा फोटो काढला, रात्री बसून चित्र केलं आणि सकाळी ताईला दाखवलं. ताईनं हात जोडले. मग चष्मा लावला. मग हात सोडले.

"हे उजव्या सोंडेचे कुठून आले?"

"पलटल्यावर सोंड उजवीकडे जाणारच ना."

"आपल्याकडे डाव्या सोंडेचा असतो. उजव्या सोंडेचं सोवळं कडक असतं, माहितीय ना? प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा आहे, पण तिथे करायला माणसं आहेत. इथे सहा-सहांचं कोण करणार? मी?"

भाऊजींनी इंजिनिअरला शोभेल असा तोडगा काढला. न पलटता नुसतेच फिरवले. सगळे डाव्या सोंडेचे झाले, पण खालचे उताणे आणि उलटे. ताईनं ते चित्र पुरतं बघितलंसुद्धा नाही. शेवटी गुरुजींना फोन लावला. गुरुजी जुन्या वळणाचे. त्यांनी आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "प्राणप्रतिष्ठा केलीय का?" नाही. "मग काळजी नको. पण विसर्जन कसं करणार?"

"डिलीट," भाऊजी म्हणाले.

"पण डिलीट केलं तरी ते रिसायकल बिनमध्ये राहतं ना?" गुरुजी म्हणाले. त्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. "आज आरती करा, आणि उद्या दीड दिवस पुरा झाला की तो डबा रिकामा करा." दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं कॉम्प्युटरसमोर उभं राहून अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हणाली, आणि मगच भाऊजींना बटण दाबू दिलं.

या सगळ्या उद्योगाचा मूळ पुरुष डेव्हिड ब्रूस्टर. हा स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ. प्रकाशावर प्रयोग करता करता १८१६ साली त्याला आरशांची ही नळी सुचली आणि १८१७ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. पण नमुना लंडनच्या चष्मेवाल्यांच्या हातात पडला आणि नळीत लपवण्यासारखं काही नव्हतंच: आरसे, काचांचे तुकडे आणि एक भोक. सगळ्यांनी भराभर नकला केल्या. पुढे १८१९ साली ब्रूस्टरनं या खेळण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. लंडन आणि पॅरिसमध्ये मिळून तीन महिन्यांत दोन लाख नळ्या खपल्या असा अंदाज त्यात दिला आहे, आणि लगेच पुढे कुरकुर आहे, की त्यांतल्या शास्त्रशुद्ध जेमतेम हजार असतील. भाऊजींना हा माणूस फार जवळचा वाटतो. दोन लाखांच्या खपावर ज्याला आनंदापेक्षा जॉइंटच्या ढिलेपणाचं दुःख जास्त, तो सच्चा इंजिनिअर.

त्याच पुस्तकात ब्रूस्टरनं आणखी एक दावा केलाय. हजार चित्रकारांना वर्षभरात सुचणार नाहीत एवढ्या नक्ष्या हे यंत्र तासाभरात काढील. गालिचे, कापड, नक्षीकाम यांच्या धंद्यात याचा मोठा उपयोग होईल. हल्ली रोज सकाळी वर्तमानपत्र उघडलं की हेच वाक्य निराळ्या यंत्राबद्दल वाचायला मिळतं, म्हणून मी भाऊजींना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "दोनशे वर्षं होऊन गेली, चित्रकार आहेतच की. आणि तासाभरात म्हणे! मला एकाच चित्राला दोन संध्याकाळी लागतात." यंत्राच्या वेगाला भाऊजींनी वैयक्तिकरीत्या घातलेला हा लगाम ब्रूस्टरच्या हिशेबात नव्हता.

नळी आणि कॉम्प्युटर यांत भाऊजींच्या मते एकच मोठा फरक आहे. नळीला अन्डू नाही. मनगट जरा हललं की आधीची नक्षी कायमची गेली. शेजारच्याला "बघ, बघ" म्हणून नळी द्यावी तर त्याच्या हाती जाईपर्यंत आत दुसरंच काहीतरी तयार असतं. आपण बघितलेलं आजवर कुणालाही दाखवता न आलेलं ते एकमेव खेळणं असावं. कॉम्प्युटरनं ही अडचण दूर केली. आता भाऊजी बघितलेलं सगळ्यांना दाखवू शकतात, आणि दाखवतात.

कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचारांच्या आणि उमललेल्या गुलाबांच्या मधोमध त्यांचं चक्र येतं. मामी विचारतात, "पदर छान आहे, पैठणी कुठून घेतली?" पुण्याचा चुलतभाऊ विचारतो, "टाइल्स का? बाथरूमला चालतील का? बॉक्सचा भाव काय?" मोठ्या काकूंना प्रत्येक चित्रात गणपती दिसतो. हर्मान रोर्शाखनं १९२१ साली शाईच्या डागांची कसोटी आणली, तेव्हा त्याचे डागही असेच डावे-उजवे सारखे होते. दोन बाजू जुळल्या की माणसाचं मन लगेच तिथे डोळे शोधतं, नाक शोधतं. काकूंसारखी मंडळी त्याच्या दवाखान्यात गेली असती तर त्या स्विस डॉक्टरानं सगळ्या डागांपुढे 'गणपती' हेच उत्तर लिहून घेतलं असतं, आणि निदान काय करावं हे त्याला कळलं नसतं.

चित्रामागचा मूळ फोटो ओळखणारी माणसं एकाच ग्रुपवर भेटली. वीज मंडळातल्या निवृत्तांच्या. तिथे खांबाचं चित्र पडलं आणि पाच मिनिटांत एकानं लिहिलं, "हा तुमच्या आळीचा खांब ना?" दुसऱ्यानं विचारलं, "ही केबल कुणाच्या परवानगीनं टाकलीय?" भाऊजींच्या जुन्या साहेबांनी दुपारी सवडीनं चित्र मोठं करून बघितलं आणि शेरा मारला, "खांब कललाय. बाराही ठिकाणी."

भाऊजींचं चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लावणारा गुणग्राहक मात्र त्यांच्या जिन्यातच निघाला. समोरच्या ब्लॉकमधले काका. त्यांनी एक चित्र मागून घेतलं, चांगल्या कागदावर छापलं, सोनेरी फ्रेम केली आणि आपल्या दाराबाहेर लावलं. सकाळी त्याला उदबत्ती ओवाळू लागले. ते यंत्र आहे अशी त्यांची समजूत आहे; कुठलं यंत्र, हे त्यांनी विचारलं नाही आणि भाऊजींनी सांगितलं नाही. चित्र लावल्यापासून वर्षभर बंद असलेली बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली, हा त्यांचा अनुभव. ताई भाऊजींना रोज टोचते, "सांगून टाका त्यांना." पण सांगणार तरी कसं? ते चित्र काकांच्याच दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडचं आहे. काकांच्या रबरी सपातांच्या पट्ट्या, काकूंच्या अंगठ्याच्या चपला, नातवाचे कधी न धुतलेले पांढरे बूट, आणि वरच्या फळीवरची दुधाची पिशवी. मधलं केशरी कमळ म्हणजे कॅरम बोर्डावरून घसरून तिथे पडलेली पावडरची डबी.

गेल्या आठवड्यात काकांच्या मनात आलं, की यंत्राखाली चपला बऱ्या दिसत नाहीत. त्यांनी स्टँड आत, बाल्कनीत नेला. तेव्हापासून भाऊजी अस्वस्थ आहेत. एवढा तयार माल बिल्डिंगमध्ये दुसरीकडे नाही, असं त्यांचं मत. सध्या ते येता-जाता पहिल्या मजल्यावर थोडे रेंगाळतात. तिथल्या स्टँडवर चपला कमी आहेत, पण पावसाळा तोंडावर आलाय, छत्र्या येतील.